घरचीच

८ नोव्हेंबर

ही वही सरांच्या सांगण्यावरून. हिला मार्क नाहीत आणि ही कुणी वाचणार नाही, सरसुद्धा नाहीत. ते म्हणाले, "या सत्रात आपण गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनी स्वतः सांगितलेल्या कहाण्या वाचणार आहोत. वाचताना मनात जे येईल ते स्वतःपुरतं लिहून ठेवा. बघणारं कुणी नाही, तेव्हा छान छान लिहायची गरज नाही." माझ्या शेजारी बसणाऱ्या कंडक्टरबाई म्हणाल्या, "बघणारं कुणी नसेल तर मी अभ्यासच करत नाही सर." सगळा वर्ग हसला.

आमचं कॉलेज संध्याकाळचं. सगळे दिवसभर कुठे ना कुठे राबून येतात आणि पहिला तास जांभया देण्यात जातो. मी वर्गात जरा मोठीच, चाळिशी उलटलेली. लेकीची पुस्तकं तिच्या मागोमाग वाचत बाहेरून दहावी दिली, मग बारावी, आणि आता साहित्याचं दुसरं वर्ष. हे बेकरीत आहेत. म्हणतात, "तू अशीच शिकत राहिलीस तर मला घरात यायलाही अर्ज करावा लागेल." पहाटेची पाळी करून येतात, जेवतात आणि घोरायला लागतात. लेक तेव्हा कॉलेजात. ती दुपार माझी. अशी दुपार माझ्या वाट्याला येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आज एक गंमत झाली. या नव्या सरांनी हजेरी घेताना माझं नाव पुकारलं आणि मीच मागे वळून पाहिलं, ही कोण म्हणून! कंडक्टरबाईंनी कोपर मारलं तेव्हा कुठे "हजर" म्हणाले. या नावाची सवयच नाही. मी ज्यांच्याकडे वाढले त्या काकींच्या घरी त्यांच्या मुलीचं, ताईचं नाव तेच, आणि एका घरात दोघींना एका नावाने कसं हाक मारणार? म्हणून मी छोटी. ताईपेक्षा मी थोराड होते, तरी छोटी. आता केस पिकायला लागले, तरी छोटीच.

१२ नोव्हेंबर

पहिली कहाणी वाचली. लांबच्या देशातली एक बाई. लहानपणी तिला आईपासून तोडून एका मोठ्या घरात विकलं. मालकिणीच्या बाळाला सांभाळायचं काम. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून ती खाली जमिनीवर झोपायची, म्हणजे बाळ रडलं की झोपेतच पाय हलवायचा.

वर्गात सगळे हळहळले. मी मात्र जवळजवळ हसले, कारण मीही अगदी तशीच झोपायचे. बाळ, म्हणजे काकींचा धाकटा, तान्हा होता तेव्हा. पण माझी ती हौस होती. मला कुणी विकलं नव्हतं. माझं कुणीच नव्हतं म्हणून काकींनी मला घरात घेतलं, सहा-सात वर्षांची असताना. त्याआधीचं मला काहीच आठवत नाही. पोटच्या पोरीसारखं वाढवलं. अक्षरंही त्याच घरात आली. ताई शाळा-शाळा खेळायची, तेव्हा ती बाई आणि मी ढ मुलगी. पट्टीचे रट्टे खाल्ले, पण बाराखडी आली. शाळेत गेले असते तरी याहून वेगळं काय झालं असतं?

कंडक्टरबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग ताई शाळेत जायची तेव्हा तू काय करायचीस?"

"तिचा दुसरा गणवेश इस्त्री करायचे."

"आणि तुझी सुट्टी कधी असायची?"

म्हटलं, घरात कुणाला सुट्टी असते का? आईला असते का सुट्टी? त्या तिकीट फाडल्यासारखं "हं" म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्यांचा स्वभावच संशयी. दिवसभर बिनतिकिटाची माणसं पकडायची म्हणजे होणारच.

१९ नोव्हेंबर

आज एका माणसाची कहाणी. तो सुटून दुसऱ्या गावी पोचला. तिथे एका घरातल्या बाईने त्याला पानावर बसवून विचारलं, तुला काय आवडतं? त्याला सांगताच येईना. आजवर कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून त्यानेही स्वतःला विचारलं नव्हतं. तो माणूस तिथे ढसाढसा रडला.

सरांनी आम्हाला सगळ्यांना विचारलं, तुम्हाला खायला काय आवडतं? चटकन सांगा, विचार करू नका. कुणी काय, कुणी काय. माझी पाळी आली आणि तोंडातून निघून गेलं, "जे उरेल ते."

वर्ग खो खो हसला. माझा विनोद इतका चांगला झाला असं पहिल्यांदाच झालं. सर तेवढे हसले नाहीत. ते खडू हातात धरून उभे राहिले आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यात प्रत्येकाने स्वतःबद्दल एक पान लिहून आणायचं आणि वाचायचं. या माणसांच्या कहाण्या कशा सुरू होतात ते बघा. मी अमुक ठिकाणी जन्मलो, माझी आई अमुक. काहींना तेवढंही माहीत नव्हतं, तर त्यांनी तेच लिहिलं."

एक पोरगा म्हणाला, "सर, आमच्या आयुष्यात असं काही घडलेलं नाही." सर म्हणाले, "ते बरंच आहे. त्यांच्या साखळदंडांशी आपलं दुःख तोलायला मी सांगत नाहीये. ते कुणी करूही नये. तुम्ही फक्त तुमचं खरं लिहा."

बरं झालं सर तसं म्हणाले. मला त्या बाईशी स्वतःला जोडून बघणं बरोबर वाटत नव्हतंच.

घरी येऊन विचार केला, खरंच काय आवडतं मला? भाजीच्या दुकानाशी बराच वेळ उभी राहिले. शेवटी यांना आवडते तीच भाजी घेतली.

२८ नोव्हेंबर

आज बाळ आमच्या घरी आला! माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा. गल्लीत गाडी शिरेना, मग तोंडाशी लावून चालत आला. एवढा मोठा साहेब, आमच्या दारात वाकून बूट काढत होता. मी फडक्याने खुर्ची तीनदा पुसली.

त्याला परदेशात वर्षभराचं काम मिळालंय. बायको-मुलंही जाणार. ताई तर आधीपासून तिकडेच असते. काकी पडल्यापासून खुब्याचं दुखणं, एकट्या राहू शकत नाहीत. मी रोज सकाळी जातेच, त्यांची अंघोळ, वेणी, दोन वेळचं जेवण बघून येते. पण आता रात्रंदिवस कुणीतरी हवं.

"परकं माणूस आईला नकोच आहे," तो म्हणाला. "तू तर घरचीच. एक जानेवारीपासून तू तिकडेच राहायला ये. स्वयंपाकघराशेजारची खोली रिकामी करून ठेवलीय. तुझीच जुनी."

मी हो म्हणाले. अगदी लगेच. माझ्यावर इतका विश्वास टाकतात, डोळ्यांत पाणी आलं. त्याने चहा अर्धा ठेवला, पण खुर्चीत बसला होता, हेच खूप.

तो गेल्यावर लेक म्हणाली, "आणि कॉलेज?"

"पुढच्या वर्षी. कॉलेज कुठे पळून जातंय?"

"आणि बाबा? आणि मी?"

"तुम्ही काय तान्ही आहात का?"

ती फणकाऱ्याने उठून गेली. हे मात्र बसल्या जागी हाताला पीठ लागलेलं असावं तसे तळवे एकमेकांवर चोळत राहिले.

२९ नोव्हेंबर

सरांना सांगितलं, मला कॉलेज सोडावं लागेल. कारणही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं, समजावतील, रागावतील. ते एवढंच म्हणाले, "तुम्ही विचार करून सांगते म्हणालात का?"

"त्यांनी विचारलं कुठे सर? ठरवूनच आले होते," मी म्हणाले.

हे मी काकींची बाजू घेऊन म्हणाले होते. माझ्याबद्दल त्यांची किती खात्री आहे, असं. पण बोलून झाल्यावर ते वाक्य मला कसंतरीच ऐकू आलं. दुसऱ्याच कुणीतरी म्हटल्यासारखं.

सर म्हणाले, "ते एक पान तरी लिहा. जाण्याआधी."

५ डिसेंबर

नीट क्रमाने लिहिते.

सकाळी काकींची वेणी घालत होते. त्या खिडकीपाशी पाठमोऱ्या, मी मागे उभी. त्यांचे केस आता लहान मुलीसारखे मऊ झालेत. ते एक पान डोक्यात होतं म्हणून सहज विचारलं, "काकी, माझा जन्म कुठला हो?"

"मिठागरावरची तू," त्या म्हणाल्या. "नदी समुद्राला मिळते तिथलं मोठं आगर. तिथला मुकादम आमच्या ह्यांच्या ओळखीचा. बाळ पोटात होता, मला हाताखाली कुणीतरी हवं होतं. तो घेऊन आला तुला. गुडघ्यापर्यंत पाय फुटलेले तुझे. किती दिवस तेल लावलं मी!"

"आणि माझं कुणीच नव्हतं."

काकी जरा थांबल्या. हल्ली त्यांना मधेच सगळं आठवतं, मधेच काही नाही.

"आई होती की. आली होती ना न्यायला."

मी म्हटलं, "कुणाला?"

"तुला. आणखी कुणाला? दोनदा आली होती. पहिल्यांदा आली तेव्हा तू बाळाला घेऊन गच्चीवर होतीस. मी म्हटलं, आज नको, पोर झोपलीय. दुसऱ्यांदा वर्षाने आली. दारातच बसली, आत येईना. मिठाने हात नुसते चिरलेले. तिला समजावून सांगितलं, पोर सुखात आहे, तिचं सगळं चांगलं चाललंय. गेली मग."

फणी माझ्या हातातच होती.

"कशी पाठवणार होते गं तुला?" काकी म्हणाल्या, अगदी मायेने. मागे हात करून त्यांनी माझं मनगट धरलं. "बाळ तुझ्याशिवाय दूध प्यायचा नाही. दुसऱ्या कुणाकडे जायचा नाही. मीसुद्धा आईच होते ना."

मी वेणी पूर्ण घातली. रिबीन बांधली. नाव विचारलं तर त्यांना आठवेना. स्वयंपाक करून, झाकून निघाले. घरी यायच्या ऐवजी आमची गल्ली सोडून पार बसच्या शेवटच्या थांब्यापर्यंत चालत गेले. तिथे कंडक्टरबाई ड्युटी संपवून पैशाची पिशवी आवळत होत्या. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि काही न विचारता रिकाम्या बसमध्ये बसवलं. आम्ही दोघी बराच वेळ उभ्या बसमध्ये बसलो. ड्रायव्हरने डबा उघडला होता, त्याने अर्धा माझ्यापुढे सरकवला. मी खाल्लं. चव लागली, हे आश्चर्य.

६ डिसेंबर

कुणीतरी मला न्यायला आलं होतं.

९ डिसेंबर

तीन दिवस यांना सांगितलं नव्हतं. काल सांगितलं. मला वाटलं होतं, हे चिडतील. पहिल्यापासून यांना काकींच्या घराचा राग आहे, बोलत नाहीत एवढंच. पण यांनी एवढंच विचारलं, "तिथून इथपर्यंत आल्या कशा असतील गं तुझ्या आई? तेव्हा तर त्या बाजूला बसही नव्हती."

म्हणजे चालत. मी याचा विचारच केला नव्हता. दोनदा यायचं आणि दोनदा रिकाम्या हातांनी परत जायचं, म्हणजे चार वेळा तो रस्ता.

लेक भयंकर संतापली. "आणि तू म्हणतेस त्यांनी तुला मुलीसारखं वाढवलं! ताईला कुणी दारात न्यायला आलं असतं तर झोपलीय म्हणून सांगितलं असतं?"

"काकी वाईट नाहीत गं," मी म्हणाले. "त्यांनी माझे पाय बरे केले."

"आई, तू ऐकतेस का स्वतःला?"

मी ऐकतेय. खरं सांगायचं तर मला काकींचा राग येत नाहीये. यायला हवा का? आणायचा प्रयत्न केला, भांडी घासताना. येतो येतो म्हणता डोळ्यांसमोर त्यांचा तेलाचा हात येतो. आणि त्याच वेळी दुसरंच काहीतरी आतून वर येतं. मी टाकलेली नव्हते. इतकी वर्षं मी मनात धरून होते, की माझं कुणीच नाही म्हणतात, म्हणजे जिने जन्म दिला तिलाही मी नकोच होते. त्यापुढे काकींनी दिलेलं सगळंच मोठं वाटायचं. उरलेलं अन्न, ताईचे जुने कपडे, स्वयंपाकघराशेजारची खोली. सगळं जास्तीचंच वाटायचं, माझ्या लायकीपेक्षा. पण मला तर कुणीतरी मागत होतं. दारात बसून.

१४ डिसेंबर

बाळला नाही म्हणाले.

हे बरोबर आले होते, पण आत नाही आले. फाटकाशी पावांची पिशवी घेऊन उभे राहिले. "मी आत आलो तर भांडण होईल," म्हणाले, "आणि तू एकटी गेलीस तर नुसतं बोलणं होईल."

बाळ बॅगा भरत होता. पलंगभर कपडे. मला बघताच म्हणाला, "बरं झालं आलीस. ते शर्ट जरा घड्या घालून दे ना." आणि मी घातल्या! चार-पाच शर्टांच्या घड्या घालून झाल्यावर आठवलं, आपण कशाला आलोय.

"बाळ, मला राहायला यायला जमणार नाही."

त्याला कळलंच नाही. "एक तारखेला नाही जमणार? मग दोनला ये."

"नाही रे. राहायलाच नाही येणार. भेटायला येईन, रविवारी. रोजचंही आता जमणार नाही. परीक्षा आहे माझी."

"परीक्षा? कसली परीक्षा?" त्याला ठाऊकच नव्हतं मी शिकते ते. दोष त्याचा नाही, मी कधी सांगितलं नव्हतं. "छोटी, तिकिटं काढलीत आम्ही. ऐन वेळेला असं? आईने तुझ्यासाठी काय कमी केलं गं?"

"खूप केलं. म्हणून तर रविवारी येईन."

तो पलंगावर बसला, कपड्यांमध्येच. तोंड अगदी लहानपणी व्हायचं तसं झालं, रडायच्या आधीचं. "मग मी काय करू?" म्हणाला. माझे हात आपोआप पुढे झाले होते. त्याचं डोकं कुशीत घ्यायला काय लागलं असतं? मी हात मागे घेतले आणि पदराआडून कागद काढून दिला. कंडक्टरबाईंची नणंद नर्स आहे, घरी राहून बघते. तिचा पत्ता आणि नंबर. "चांगली बाई आहे. तिला रविवारची सुट्टी लागते. त्या दिवशी मी असेन."

तीनदा माफी मागितली मी. एकदाही नसती मागितली तर बरं झालं असतं, असं लेक म्हणते. पण नाही म्हणाले, हे तर झालं ना?

बाहेर आले तर हे पिशवीतला पाव तोडून रस्त्यावरच्या कुत्र्याला घालत होते. चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "चल, आज स्वयंपाक नको. बाहेर खाऊ. तुला काय आवडतं?" मी म्हटलं, "विचार करून सांगते." आम्ही दोघंही फुटपाथवर मूर्खासारखी हसत सुटलो. माझं नशीब थोर म्हणून हा माणूस. काकींनीच ठरवलेलं हे लग्न, तेव्हा तेही ऋण त्यांचंच.

२० डिसेंबर

वर्गात पान वाचलं. कंडक्टरबाईंनी खालून कागदाचं टोक धरून ठेवलं.

जन्म कुठे, कधी, ते मला नीट माहीत नाही, तेवढंच लिहिलं. मग आईचं लिहिलं. दारात बसली, आत येईना. वाचून झाल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, मला जरा वाईट वाटलं. मग बघितलं तर त्या दिवशी 'आमच्या आयुष्यात काही घडलेलं नाही' म्हणणारा पोरगा डोळे पुसत होता.

सर म्हणाले, "ते आगर अजून आहे का?"

हे मला सुचलंच नव्हतं. इतके दिवस मी आईला दारातच बसवून ठेवलं होतं. ती उठून परत कुठेतरी गेली असेल, तिथे जगली असेल, हे डोक्यात आलंच नाही. सरांनी फार काही शिकवलं नाही आज, एक प्रश्न विचारला. असे मास्तर सगळ्यांना मिळोत.

११ जानेवारी

रविवार. काकींकडे गेले. नर्सबाई आज मुद्दाम थांबल्या होत्या, मला सगळं दाखवून मग जाणार म्हणून. काकी सवयीने म्हणाल्या, "छोटी, चहा टाक." मी उठणार तोच नर्सबाई म्हणाल्या, "बसा हो तुम्ही, मी टाकते. पाहुण्या आहात."

पुढच्या खोलीतल्या खुर्चीत बसून मी चहा प्यायले. हात कुठे ठेवायचे तेच कळेना. काकी माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, काही बोलतील. शेवटी म्हणाल्या, "नर्स वेणी घट्ट घालते गं. डोकं दुखतं."

नर्सबाई गेल्यावर मी सैल घालून दिली. ते मला आवडतं. हे मात्र मी स्वतःला विचारून ठरवलं.

२ फेब्रुवारी

आज मिठागरावर जाऊन आले. लेकीने कॉलेज बुडवलं आणि बरोबर आली. यांनी पावांची पिशवी भरून दिली, "रिकाम्या हाताने जाऊ नका." तिथे कुणी असेल-नसेल, कुणाला देणार, काही माहीत नाही, तरी दिली.

बस आता थेट जाते. शेवटच्या थांब्यावर उतरलं की नुसता उजेड. चौकोन चौकोन आखलेलं पाणी, मधून पायवाटेएवढे बांध, आणि कडेला मिठाचे ढीग. डोळे उघडे ठेववेनात. बायका लांब दांड्याची लाकडी फावडी ओढत होत्या. मला वाटलं होतं, पाय ठेवताच काहीतरी आठवेल. काही नाही आठवलं. फक्त ओठांवर खारट चव आली, आणि ती मला चटकन आवडली.

मुकादम तरुण होता, त्याला काही माहीत नव्हतं. त्याने शेडकडे बोट दाखवलं, "त्या आजींना विचारा. इथल्या सगळ्यात जुन्या त्याच." आजी पोती शिवत बसल्या होत्या, मोठ्या सुईने. डोळ्यांनी अधू, हातानेच शिवण चाचपायच्या. मी शेजारी बसले, ही माझी लेक म्हणून सांगितलं. पावांची पिशवी पुढे केली. कसं विचारावं कळेना. म्हटलं, "आजी, फार वर्षांपूर्वी इथे एक बाई होती. तिची मुलगी शहरात एका घरी दिली होती."

सुई थांबली. "शिकायला ठेवली होती, तिची गोष्ट करतेस का?"

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "शिकायला?"

"हो, मग. आधी पोटाला मिळेल म्हणून धाडली होती, नवरा गेल्यावर. पण जीव राहीना तिचा. गेली न्यायला. भेट झाली नाही. पुन्हा गेली. परत आली ती हसतच आली बघ. आम्हाला वाटलं, हिला वेडच लागलं. तर म्हणाली, घरातल्या बाईंनी सांगितलं, पोर शाळेत गेलीय, आत्ता भेटायची नाही. वर्गात पहिली येते म्हणे." आजींनी पुन्हा सुई घातली. "आम्ही म्हटलं, आण की मग घरी. तर म्हणाली, शाळेतून काढून मिठात आणू? मग नाही गेली कधी."

मी पोत्याचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत राहिले.

"पण रोज सांगायची," आजी म्हणाल्या. "दुपार कलली की फावडं टेकवून उभी राहायची तिकडे तोंड करून. म्हणायची, आता सुटली असेल गं माझ्या पोरीची शाळा. आम्ही चिडवायचो, तुझ्या पोरीच्या शाळेवर आमचं घड्याळ. शेवटपर्यंत असंच. तापात गेली, लवकरच गेली. पण समाधानाने गेली हो. तसं मरण इथे कुणाला आलं नाही."

मी आईचं नाव विचारलं. आजींनी सांगितलं. ते इथे लिहीत नाही, अजून तोंडातच धरून ठेवलंय.

मग आजींनी हात पुढे करून माझा चेहरा चाचपला, शिवण चाचपतात तसा. हनुवटीपाशी थांबल्या. "तूच का गं ती?"

"हो."

"खरंच पहिली यायचीस?"

लेकीचं तोंड उघडलं. तिला काय म्हणायचंय ते मला माहीत होतं, आणि तिचं बरोबरच होतं. मी तिचा हात घट्ट दाबला. काकींच्या त्या एका खोट्यावर माझी आई इतकी वर्षं उभी होती. ते खोटं कुणासाठी बोललं गेलं, हे मला कळतं आता. पण आईला त्यातून जे मिळालं ते खरं होतं, ते मी कसं काढून घेऊ?

"पहिली नाही आजी," मी म्हणाले. "पण शिकतेय. ह्याच महिन्यात परीक्षा आहे."

"अगं बाई!" आजी हसायला लागल्या, तोंडात दात नव्हते, सगळं अंग हलत होतं. "एवढी बाई झालीस, पोर कडेवरून उतरून तुझ्याएवढी झाली, आणि तुझी शाळा अजून सुटली नाही?"

"नाही आजी," मी म्हटलं. "अजून नाही सुटली."